वर्षावनातलं घर सांभाळायला जाताय? रोजची कामं अशी लावून घ्या

वर्षावनात वर्षाला साधारण 2000 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ 80 टक्क्यांच्या आसपास किंवा वर असते आणि उकाडा बाराही महिने बुरशीला, वाळवीला, किड्या-मुंग्यांना मानवणारा असतो. अमेझॉन असो, कांगोचं खोरं असो की बोर्निओ, अशा ठिकाणचं घर थोडे दिवस जरी बंद राहिलं तरी लगेच कळतं. कपाट उघडल्याबरोबर कुबट वास येतो, पन्हळीत पाला कुजायला लागलेला असतो, खांबावर वाळवीची मातीची रेघ चढलेली असते. म्हणून तिथले घरमालक बाहेर जाताना नुसतं कुलूप लावून जात नाहीत, कुणाला तरी राहायला बोलावतात.

तुम्ही पहिल्यांदाच जात असाल तर एवढं मनाशी पक्कं करा: यातलं एकही काम अवघड नाही, पण एकही काम साठवून चालत नाही. रोज सकाळी तासभर आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आत पंधरा-वीस मिनिटं नेमानं दिली की उरलेला दिवस तुमचा.

मालक जायच्या आधीचा दिवस

एक दिवस आधी पोहोचा आणि मालकाबरोबर सगळं घर फिरा. नुसतं बघू नका, प्रत्येक काम आपल्या हातानं करून बघा. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, उघडा. गॅसचं सिलिंडर बदलून बघा. पंप सुरू करा. जनरेटर असेल तर तो चालवून बंद करा. मालकानं दाखवलेलं आणि आपण केलेलं यात फार फरक असतो, आणि तो पंप बंद पडल्यावर कळून उपयोग नाही.

मग विचारा: पाणी कुठून येतं आणि टाकी भरलेली असताना किती दिवस पुरतं? बॅटरी कोणत्या जातीची आहे? घरावर झुकलेलं झाड कोणतं? ओढ्याला पूर आला की पाणी कुठपर्यंत येतं? फोनला रेंज नक्की कुठे मिळते? सगळ्यात जवळचा शेजारी किती लांब आहे? सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन कोणत्या दवाखान्यात ठेवलेलं असतं आणि तिथं पोहोचायला पावसात किती वेळ लागतो? घराच्या आसपास नेहमी दिसणारे प्राणी कोणते, हेही विचारून घ्या. छपरात राहणारी धामणीसारखी बिनविषारी सापीण मालकाला माहीत असते, तुम्हाला नसते.

ही सगळी उत्तरं वहीत लिहा. फोनची बॅटरी संपते, वही संपत नाही. पावसानं भिजू नये म्हणून वही झिपच्या पिशवीत ठेवा आणि पेनाऐवजी पेन्सिल वापरा, ओलसर कागदावर शाई फुटते.

दुरुस्तीला किती खर्च तुम्ही न विचारता करायचा आणि कोणत्या वस्तूंना हात लावायचा नाही, हे दोन्ही त्याच दिवशी स्पष्ट ठरवून टाका.

सकाळची फेरी

विषुववृत्ताच्या जवळ वर्षभर सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारासच मावळतो. संधिप्रकाश फार थोडा वेळ टिकतो, बघता बघता अंधार होतो. बऱ्याच ठिकाणी सकाळ कोरडी असते. जमीन तापून ढग चढत जातात आणि दुपारनंतर पाऊस कोसळतो. तेव्हा ज्याला ज्याला कोरडेपणा लागतो ते सगळं, म्हणजे कपडे, अंथरुणं, छपरावरची कामं, अकराच्या आत उरकायचं.

उठल्यावर पाय खाली टाकायच्या आधी विजेरी लावून जमीन बघा. चपला आणि गमबूट उलटे करून आपटा, मगच पाय घाला. विंचू, गोम, कोळी यांना बुटातला काळोख आवडतो.

यानंतर कोणताही दिवा किंवा पंखा लावायच्या आधी बॅटरीचं व्होल्टेज बघून वहीत लिहा. मग खिडक्या उघडा आणि हातात काठी घेऊन घराला एक फेरा मारा. फेऱ्यात नजर ठेवायची ती खांबांच्या पायथ्यावर, पन्हळीच्या तोंडावर, टाकीच्या झाकणावर आणि वर, म्हणजे रात्रीतून एखादी फांदी मोडून लटकली आहे का यावर. झाडात अडकलेली मोडकी फांदी वारा नसतानाही पडते, तिच्याखालून जाणं-येणं बंद करा.

खांबावर पेन्सिलीएवढी जाड मातीची नळी चढलेली दिसली तर ती वाळवी. नळीचा बोटभर तुकडा काठीनं मोडा. आत ओलसर माती आणि पांढरट किडे दिसले तर वाट चालू आहे. आत काही दिसलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा: मोडलेली जागा ओल्या मातीनं बुजवलेली असेल तर वाळवी अजून येते-जाते आहे. फोटो काढून मालकाला कळवा. पेट्रोल ओतणं, मनानं औषध मारणं हे उद्योग करू नका, खाली पाण्याची टाकी किंवा ओढा असतो.

फेरा संपताना घराभोवतीचा दोन-तीन मीटरचा पट्टा बघा. तिथलं गवत घोट्याच्या वर जाऊ द्यायचं नाही. रोज कोयत्यानं थोडं थोडं काढलं तर दहा मिनिटांचं काम आहे. मोकळ्या पट्ट्यात साप लपत नाही आणि मुंग्यांची रांग घराकडे वळलेली लांबूनच दिसते.

पाणी

इतका पाऊस पडतो तिथं पाणी जपायचं कशाला, असं वाटेल. पण वर्षावनातही आठवडाभर किंवा त्याहून जास्त कोरड पडते, आणि छपरावरचं पाणी हेच घराचं पाणी असेल तर टाकीत आहे तेवढंच तुमचं.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. 50 चौरस मीटरच्या छपरावर 10 मिलिमीटर पाऊस पडला तर 500 लिटर. शिंतोडे, गळती आणि छपराची ओल वजा जाता त्यातलं साधारण 400 लिटर टाकीत पोहोचतं. छावण्यांमध्ये आपत्तीच्या काळात माणशी रोज किमान 15 लिटर पाणी मिळावं असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. बादलीनं अंघोळ केली आणि भांडी वाहत्या पाण्याखाली न घासता दोन टोपांत घासली तर माणशी 40 लिटरमध्ये नीट भागतं. म्हणजे 2000 लिटरची टाकी दोघांना 25 दिवस. टाकीवर पातळी दिसत नसेल तर बाहेरून बोटांनी ठोका, पाण्याच्या वर पोकळ आवाज येतो आणि पाणी सुरू होतं तिथं बद्द. दर आठवड्याला पातळीशी खडूनं खूण करा.

पन्हळ साफ ठेवणं हे पाण्याचं निम्मं काम. जंगलात पानं बारा महिने गळतात. एक रुंद पान उताराच्या पाइपच्या तोंडावर नेमकं बसतं, त्यावर बारीक काटक्या अडतात, आणि पुढच्या सरीचं सगळं पाणी पन्हळीवरून भिंतीत उतरतं. आठवड्यातून दोनदा हातमोजे घालून पन्हळ हातानं साफ करा. शिडी कोरडी असताना आणि घरात दुसरं कुणी असतानाच चढा, एकटे असाल तर लांब काठीला ब्रश बांधून जमिनीवरूनच जमेल तेवढं करा. बऱ्याच दिवसांच्या कोरडीनंतरची पहिली सर टाकीत घेऊ नका. छपरावरची धूळ, पक्ष्यांची आणि वटवाघळांची विष्ठा तिच्यात असते. पहिलं पाणी आपोआप वळवणारा पाइप बसवलेला असेल तर प्रत्येक पावसानंतर त्याचं बूच काढून तो रिकामा करायला विसरू नका, नाहीतर तो असून नसल्यासारखा.

प्यायचं पाणी आधी गाळा, मग खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळा. समुद्रसपाटीपासून 2000 मीटरच्या वर राहत असाल तर तीन मिनिटं. वर्षावनातलं पाणी स्वच्छ दिसतं म्हणून तसंच पिऊ नका, ओढ्याच्या वर काय मरून पडलंय ते इथून दिसत नाही. इंधन कमी असेल तर सुगंध न घातलेलं घरगुती ब्लीच, लिटरला दोन थेंब, ढवळून अर्धा तास ठेवायचं. पाणी गढूळ असेल तर थेंब दुप्पट.

टाकीचं झाकण आणि तिच्या प्रत्येक तोंडावरची जाळी रोज बघायची ती डासांसाठी. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात, आणि त्याची अंडी कोरडी पडूनही काही महिने जगतात. म्हणून आठवड्याचा एक वार ठरवा. त्या दिवशी बादल्या, कुंड्यांच्या ताटल्या, उलट्या न केलेल्या करवंट्या, ताडपत्रीच्या घड्या, सगळ्यांतलं पाणी ओतून आतली बाजू घासून काढा. नुसतं ओतून अंडी जात नाहीत, ती भिंतीला चिकटलेली असतात.

वीज

बहुतेक अशा घरांत सोलर पॅनेल आणि बॅटरी असते. दाट जंगलात जमिनीपर्यंत दोनेक टक्केच प्रकाश पोहोचतो, त्यामुळे पॅनेल मोकळ्या जागेत असतं आणि त्यावर पडलेलं एक पान किंवा एका फांदीची सावलीसुद्धा बरीच वीज खाते. फेरीत पॅनेलवर नजर टाका.

बॅटरी लेड-ॲसिडची असेल तर सकाळी, भार नसताना, 12 व्होल्टच्या बॅटरीचं व्होल्टेज 12.6 ते 12.7 म्हणजे भरलेली आणि 12.1-12.2 म्हणजे निम्मी. निम्म्याच्या खाली नेमानं उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. सलग तीन ढगाळ दिवस गेले की फ्रीज बंद करायचा विचार करा, घरातला सगळ्यात मोठा भार तोच असतो. लिथियम बॅटरीला हे आकडे लागू होत नाहीत, तिचा टक्का तिच्याच मॉनिटरवर बघा. लेड-ॲसिडच्या बॅटरीत घालायचं पाणी डिस्टिल्डच हवं.

लॅपटॉप, फोन, विजेऱ्या, पंप, सगळं भरणं आणि चालवणं दहा ते दोनमध्ये. रात्रीसाठी बॅटरी राखून ठेवायची.

ओल

नव्या माणसाला सगळ्यात जास्त जड जाते ती ओल. पावसापेक्षाही. पाऊस थांबतो, ओल थांबत नाही.

घरातली आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली ठेवावी असं सांगतात, ते उघड्या खिडक्यांच्या जंगलातल्या घरात होणार नाही. तुमच्या हातात आहे ती हवा खेळती ठेवणं. कपाटांची दारं दिवसा उघडी. पलंग, कपाट, पुस्तकांची मांडणी भिंतीपासून वीतभर लांब. गादी रोज उभी करून भिंतीला टेकवायची, खालच्या बाजूला बुरशी आधी धरते. पायपुसणी आणि टॉवेल कधीही ढिगात सोडायचे नाहीत.

कपडे सकाळी सातला दोरीवर गेले पाहिजेत आणि पहिला गडगडाट ऐकू येताच आत आले पाहिजेत. पडवीत छपराखाली दुसरी दोरी बांधून ठेवा, अर्धे वाळलेले कपडे तिथं पंख्याखाली. जाड सुती आणि जीन्स आणूच नका. पातळ, लवकर वाळणारे, लांब बाह्यांचे चार जोड पुरतात. कपडे घडी घालायच्या आधी गालाला लावून बघा, हाताला न कळणारी ओल गालाला गार लागते.

कॅमेरा, पासपोर्ट, औषधं, हार्ड डिस्क हे सगळं रबरी कडा असलेल्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलबरोबर. केशरी दाण्यांचं जेल ओल शोषून हिरवं झालं की जाड तव्यात मंद आचेवर केशरी होईतो परता, गार होऊ द्या, परत डब्यात. डबा रोज रोज उघडायचा नाही.

चामड्यावर, लाकडावर पांढरा थर आलाच तर बाहेर नेऊन साबणाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यानं पुसा आणि उन्हात ठेवा. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो.

स्वयंपाकघर

धान्य, पीठ, साखर, मीठ, सगळं घट्ट फिरकीच्या झाकणाच्या डब्यांत. प्लास्टिकची पिशवी उंदराला आणि मुंग्यांना अडवत नाही. थोडं थोडं आणा, पिठात जाळी धरायला वेळ लागत नाही. शिजवलेलं अन्न सकाळचं संध्याकाळपर्यंत ठेवू नका, एका वेळेपुरतंच करा. मातीच्या माठात पाणी गार होईल, भाज्या टिकतील या भरवशावर राहू नका: बाष्पीभवन होईल तेव्हा गारवा येणार, आणि इतक्या दमट हवेत ते फारसं होतच नाही.

मुंग्यांपासून फडताळ वाचवायचं असेल तर त्याचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करा आणि पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका, म्हणजे डासांच्या अळ्या तगत नाहीत. फडताळ भिंतीला टेकलं किंवा एखादी चादर त्यावरून जमिनीला लोंबली तर मुंग्यांना पूल मिळाला. ओटा रात्री कोरडा करून झोपा. ओला कचरा घरापासून लांबच्या खड्ड्यात, मातीखाली. माकडांना, कोल्ह्याकुत्र्यांना एकदा इथं खायला मिळतं हे कळलं की तुम्ही गेल्यावरही मालकाला त्यांचा त्रास होत राहतो. म्हणून काही झालं तरी त्यांना खायला घालू नका.

गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो. सिलिंडर बदलल्यावर जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे बघा.

घरात येणारे पाहुणे

पालींना राहू द्या, त्या डास खातात. वटवाघळांची विष्ठा कोरडी झाडू नका, पाणी शिंपडून, तोंडाला मास्क बांधून काढा, तिच्यात फुप्फुसांना बाधणारी बुरशी असू शकते.

अमेरिका खंडातल्या आणि आफ्रिकेतल्या वर्षावनांत लष्करी मुंग्यांच्या लाटा येतात. हजारो मुंग्या घरात शिरतात आणि झुरळं, कोळी, विंचू मारून खाऊन निघून जातात. औषध मारत बसू नका. कोंबड्या, पाळलेले प्राणी, तान्हं बाळ उचला आणि बाहेर पडा, काही तासांत लाट सरकते.

साप दिसला तर थांबा, मागे सरा आणि त्याला जायला वाट द्या. बरेच दंश नकळत सापावर पाय किंवा हात पडल्यावर होतात, आणि साप मारायला किंवा पकडायला गेल्यावरही होतात. अंधारात विजेरीशिवाय अंगणातही पाऊल नको. दंश झालाच तर माणसाला झोपवा, हालचाल बंद करा, अंगठ्या, घड्याळ काढा, चावलेला हात किंवा पाय फळी बांधून स्थिर ठेवा आणि थेट दवाखाना. दोरी करकचून बांधणं, कापणं, तोंडानं चोखणं यातलं काहीही करायचं नाही.

कंपोस्ट संडास

या संडासात मैल्याचं खत होतं. प्रत्येक वेळी वरून ओंजळभर कोरडा भुसा किंवा चुरलेली कोरडी पानं. वास यायला लागला तर भुसा कमी पडतोय किंवा भिजलाय. भुशाचा डबा झाकून ठेवा, बाकी काही नाही.

वादळ आणि पूर

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत 30 सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला तर घरात या आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर जाऊ नका. अँटेना, राउटर, चार्जर ढगांचा पहिला आवाज येताच काढून ठेवा. वारा सुटला की जंगलातल्या पायवाटेवर थांबू नका. आणि ओढ्याचं पाणी तुमच्याकडे पाऊस नसतानाही चढतं, वर डोंगरात पडलेला असतो. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहायला लागला की लगेच काठ सोडा.

जनरेटर घरात किंवा बंद पडवीत कधीही चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

स्वतःचं शरीर

ओरखडा किरकोळ असला तरी त्याच दिवशी साबणानं धुऊन, कोरडा करून झाका. दमट हवेत त्यात पू व्हायला दोन दिवसही लागत नाहीत. पुराच्या पाण्यातून किंवा चिखलातून अनवाणी जाऊ नका, उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि जखमेतून तो सहज शिरतो. संध्याकाळी पाय धुऊन बोटांच्या बेचक्या पुसा आणि तासभर पाय उघडे ठेवा. एडिस दिवसा चावतो, मलेरियाचा ॲनोफिलिस रात्री, म्हणून दिवसा लांब बाह्या आणि रात्री मच्छरदाणी, दोन्ही लागतं. मच्छरदाणीची कड गादीखाली खोचलेली हवी. ताप आला तर दोन दिवस वाट बघत बसू नका, तपासणी करून घ्या. डेंग्यूची शक्यता असेपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घ्यायचं नाही.

एकटेपणाचंही सांगायला हवं. रात्री बेडकांचा, किड्यांचा आवाज इतका असतो की पहिले काही दिवस झोप लागत नाही, आणि चार दिवस सलग पाऊस लागला की मन उगाच जड होतं. रोज ठरलेल्या वेळी एका माणसाला निरोप पाठवायचा. निरोप आला नाही तर त्यानं कुणाला कळवायचं, हेही आधीच ठरवून ठेवा.

संध्याकाळची फेरी

साडेपाचला कपडे आत, कोयता आणि अवजारं पुसून तेलाचा हात फिरवून जागेवर, खिडक्यांच्या जाळ्या बंद. कोंबड्या असतील तर त्या मोजून खुराड्यात. दिवे पिवळसर आणि मोजकेच लावा, पांढऱ्या प्रकाशावर किडे जास्त येतात आणि किड्यांमागे बेडूक, बेडकांमागे साप. उद्याचं पाणी उकळून झाकून ठेवा, विजेरी उशाशी घ्या.

मालक परत यायच्या आधी

दोन दिवस आधीपासून सुरुवात करा. अंथरुणं धुवायला उन्हाची एक सकाळ मिळेल याची खात्री नसते. पन्हळ साफ, कंपोस्टचा डबा अर्ध्याच्या खाली, भुसा भरलेला, गॅसचं एक सिलिंडर भरलेलं. वहीत शेवटचं पान मालकासाठी मोकळं ठेवा आणि त्यावर टाकीची आजची पातळी, बॅटरीचं सकाळचं व्होल्टेज, वाळवी दिसलेला खांब, गळणारा नळ, मोडलेली कपबशी, सगळं लिहा. मालक आल्यावर पहिल्या दिवसासारखाच घराला एक फेरा त्यांच्याबरोबर मारा आणि लिहिलेली प्रत्येक जागा बोटानं दाखवा.